दानिएल : उल्कापाताने घडलेल्या दगडात बांधलेला, अजूनही पहाऱ्यावर असलेला मनोरा

जर्मनीतील बव्हेरिया राज्यात न्यॉर्डलिंगेन नावाचे सुमारे वीस हजार वस्तीचे एक गाव आहे. गावाच्या मधोमध संत जॉर्ज यांचे लुथरन, म्हणजे मार्टिन लुथर यांच्या प्रोटेस्टंट पंथाचे, चर्च आहे आणि त्या चर्चला जवळजवळ ९० मीटर उंचीचा, म्हणजे आपल्या कुतुबमिनारपेक्षाही सतराएक मीटर उंच असा दगडी मनोरा आहे. गावकरी त्याला ‘दानिएल’ म्हणतात. हा अभिप्राय त्या मनोऱ्याविषयी, त्याच्या ३५० पायऱ्यांच्या चढणीविषयी, आणि तिथे रात्री दहानंतर मिळणाऱ्या एका सेवेविषयी आहे. ती सेवा ऐकल्याशिवाय गाव सोडू नये असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगेन.

या मनोऱ्याला मी दोनदा भेट दिली. पहिल्यांदा एका सहल-कंपनीच्या बसमधून गेलो, तेव्हा गावात चाळीस मिनिटे मिळाली. वर चढून, चारी दिशांना छायाचित्रे काढून, घाईघाईने खाली उतरून बस गाठण्यात ती संपली. कंपनीने वाटलेल्या माहितीपत्रकात ‘गावाची गोल तटबंदी म्हणजेच उल्काविवराची कड’ असे छापले होते आणि मी त्यावर विश्वास ठेवला होता. ही समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते, म्हणून ती आधीच दूर करतो. तटबंदीचा घेर सुमारे २.७ किलोमीटर आहे, म्हणजे तिचा व्यास एक किलोमीटरही भरत नाही. ज्या विवरात हे गाव वसले आहे त्याचा व्यास मात्र सुमारे २५ किलोमीटर आहे. तट माणसांनी चौदाव्या शतकात बांधला. विवर जवळपास दीड कोटी वर्षांपूर्वी पडले. दोन्ही गोल असणे हा केवळ योगायोग आहे, आणि हे दोन गोल एकमेकांपासून किती वेगळे आहेत हे डोळ्यांनी पाहण्यासाठी दानिएलसारखी दुसरी जागा नाही.

दुसऱ्यांदा मी ऑग्सबर्गला राहणाऱ्या मावसबहिणीबरोबर गेलो. डोनाउव्योर्थला गाडी बदलून दुपारी पोहोचलो, गावात मुक्काम केला आणि मग हा मनोरा मला खऱ्या अर्थाने भेटला. माझे आजोळ मेहकरचे असल्यामुळे लहानपणी दर सुट्टीत लोणारला जाणे होत असे, आणि पुढे जे लिहिले आहे त्यामागे ती लहानपणीची ओळखही आहे.

मनोऱ्याकडे पाहताना सर्वप्रथम त्याच्या दगडाकडे पाहावे. वाचकांनी या अभिप्रायातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही. लांबून दानिएल राखाडी दिसतो. जवळ गेल्यावर त्या राखाडी रंगात किंचित हिरवट झाक दिसते, आणि भिंतीला हात लावता येईल इतके जवळ गेल्यावर कळते की हा दगड एकजिनसी नाहीच. त्यात नाना आकारांचे खडे अडकलेले आहेत, बारीक छिद्रे आहेत, आणि मधूनमधून काळपट, चपटे, काचेसारखे तुकडे रुतलेले आहेत. या काचेच्या तुकड्यांना तिकडचे लोक ‘फ्लेडले’ म्हणतात. धिरड्याच्या पट्ट्या कापून सुपात घालतात त्यांचे हे नाव, आणि दगडातले ते चपटे, वेडेवाकडे तुकडे पाहिल्यावर ही उपमा स्वयंपाकघरातल्या माणसालाच सुचली असणार याची खात्री पटते. दगडाचे शास्त्रीय नाव सुवाइट. ज्या श्वाबिया प्रदेशात तो सापडतो त्याच्या लॅटिन नावावरून ते आले आहे.

सुवाइट तयार झाला तो एका आघातातून. सुमारे १ कोटी ४८ लाख वर्षांपूर्वी एक ते दीड किलोमीटर व्यासाचा एक लघुग्रह सेकंदाला सुमारे २० किलोमीटर या वेगाने येऊन इथे आदळला. जमिनीखालचा खडक काही ठिकाणी चिरडला, काही ठिकाणी वितळला, आणि वितळलेली काच व फुटलेले तुकडे एकत्र होऊन उष्ण राळेसारखे आसमंतात पसरले. ती राळ थिजली आणि तिचा दगड झाला. पंधराव्या शतकातल्या पाथरवटांना यातले काहीच ठाऊक असण्याचे कारण नव्हते. गावाच्या नैर्ऋत्येला असलेल्या आल्टेनब्युर्ग इथल्या खाणीत एक हलका, घडवायला सोपा आणि जवळचा दगड मिळतो, एवढेच त्यांना माहीत होते, आणि त्यांनी तो गाड्यांवर लादून आणला. आज ही इमारत सुवाइटमध्ये बांधलेल्या जगातल्या सर्वांत मोठ्या वास्तूंपैकी एक मानली जाते.

या दगडाच्या ओळखीची कथाही मनोऱ्याइतकीच सांगण्याजोगी आहे. रीस नावाने ओळखला जाणारा हा वाटोळा सखल प्रदेश ज्वालामुखीमुळे झाला, असे दीर्घकाळ मानले जात होते. सुवाइटमधली काच पाहून भल्याभल्या भूवैज्ञानिकांना ती लाव्ह्याचीच वाटली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काहींनी उल्केची शक्यता बोलून दाखवली, पण पुरावा नव्हता. तो १९६० मध्ये मिळाला. युजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी रीसमधल्या सुवाइटात कोएसाइट हे खनिज शोधून काढले. कोएसाइट म्हणजे आपल्या नेहमीच्या गारेच्या दगडाचेच (क्वार्ट्झचेच) एक दाट रूप. ते तयार व्हायला जो प्रचंड दाब लागतो, तो भूपृष्ठालगतच्या ज्वालामुखीत निर्माणच होऊ शकत नाही. शूमेकरांना प्रथम या चर्चच्या भिंतीकडे पाहूनच शंका आली, असे गावात अभिमानाने सांगतात. ही आठवण शब्दशः खरी असो वा नसो, चर्चच्या दारात उभे राहून भिंतीवर बोट फिरवताना ती खरी असावी असे मनापासून वाटते. याच दगडात अतिसूक्ष्म हिरेही आहेत, कारण मूळ खडकातल्या ग्रॅफाइटचे आघाताच्या दाबाने हिऱ्यात रूपांतर झाले. ते इतके बारीक आहेत की त्यांना बाजारात काडीची किंमत नाही. तरीही एका खेडवळ वळणाच्या गावातले चर्च हिरे पोटात घेऊन उभे आहे, ही गोष्ट सोबतच्या लहान मुलांना अवश्य सांगावी.

लोणारची आठवण मला इथेच झाली. तिथेही भोवती सगळा दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे ज्वालामुखीचाच खडक असल्यामुळे ते सरोवर ज्वालामुखीचेच असावे हा समज फार काळ टिकला, आणि १९७३ मध्ये खडकातल्या आघातजन्य काचेच्या पुराव्याने तो मागे पडला. तिथेही लोकांनी विवराच्या काठावर आणि पोटात मंदिरे बांधली, आणि लवणासुराला जमिनीखालून काढून मारणाऱ्या विष्णूची दैत्यसूदन म्हणून स्थापना केली. आघातानंतर रीसमध्येही एक मोठे सरोवर साठले होते आणि सुरुवातीच्या काळात त्याचे पाणी लोणारसारखेच खारट व क्षारधर्मी होते. पुढे ते गाळाने भरून गेले आणि आज तिथे शेते आहेत. १.८ किलोमीटर व्यासाचे लोणार आपल्याला काठावर उभे राहून एका नजरेत दिसते. २५ किलोमीटरचे रीस तसे दिसत नाही, आणि म्हणूनच तिथे माणसाला उंच चढावे लागते.

आता बांधकामाविषयी. चर्चचे काम १४२७ मध्ये सुरू झाले आणि छताच्या कमानी पूर्ण व्हायला १५०५ साल उजाडले. या ७८ वर्षांत मुख्य स्थपती अनेक झाले. कोनराड हाइन्त्सेलमान इथून पुढे न्यूरेंबर्गच्या संत लॉरेन्स चर्चच्या कामावर गेले. थोरले निकोलाउस एझेलर यांनी शेजारच्या डिंकेल्सब्यूलचे संत जॉर्ज चर्चही उभारले. आणि श्टेफान वायरर यांनी १४९५ ते १५०५ या काळात शेवटचे जाळीदार छत घातले. मनोऱ्याचे दगडी काम १४९० मध्ये पुरे झाले. मार्टिन लुथर तेव्हा सात वर्षांचे होते. आज ‘लुथरन मनोरा’ म्हणून आपण ज्याच्याकडे पाहतो तो बांधला गेला तेव्हा तो पंथ जन्मलाही नव्हता, हे ध्यानात घेतल्याशिवाय या वास्तूचा इतिहास नीट कळत नाही.

एवढ्याशा गावाला एवढा मनोरा परवडला कसा, हा प्रश्न बहिणीने मला पहिल्याच वळणावर विचारला. त्याचे उत्तर बाजारपेठेत आहे. न्यॉर्डलिंगेन १२१५ पासून थेट पवित्र रोमन सम्राटाच्या आधिपत्याखालचे मुक्त नगर होते, आणि पेंटेकॉस्ट सणाच्या वेळी भरणारी इथली जत्रा, जिचा पहिला उल्लेख १२१९ मधला आहे, दक्षिण जर्मनीतल्या मोठ्या व्यापारी जत्रांपैकी एक होती. विणकर, चर्मकार, धान्याचे आडते आणि दूरदूरचे व्यापारी इथे येत. मुक्त नगराला सरदार नसतो, त्यामुळे नगराची प्रतिष्ठा दाखवायला राजवाडाही नसतो. ती प्रतिष्ठा चर्चच्या मनोऱ्यातून दाखवली जाई. शिवाय मनोऱ्याचे एक रोखठोक कामही होते. वरून आग दिसे, शत्रू दिसे, रस्त्यावरचे तांडे दिसत.

आकाराने दानिएल तीन भागांचा आहे. खालचा मोठा भाग चौकोनी आहे, त्याच्या वर अष्टकोनी मजले आहेत, आणि त्यावर सोळाव्या शतकात चढवलेली गोलाईची टोपी व तिच्या माथ्यावर छोटा कंदिलासारखा मनोरा आहे. गॉथिक मनोऱ्याला शेवटी भाल्याच्या पात्यासारखे निमुळते शिखर असावे अशी आपली अपेक्षा असते. ते इथे नाही, आणि अनेक जाणकारांना ही उणीव वाटते. मला तसे वाटत नाही. चौकोनातून अष्टकोनात आणि अष्टकोनातून गोलात जाणारी ही चढती मांडणी आपल्या देवळांच्या शिखरांशी परिचित असलेल्या डोळ्याला विलक्षण ओळखीची वाटते. शिवाय त्या टोपीमुळे मनोरा आकाशाला भोसकल्यासारखा दिसत नाही; डोक्यावर पागोटे बांधून चावडीपुढे उभ्या राहिलेल्या वडीलधाऱ्या माणसासारखा दिसतो. ‘दानिएल’ हे नाव बायबलमधून आले असे मानतात. दानिएलच्या पुस्तकातल्या दुसऱ्या अध्यायात राजा दानिएलला थोर पदाला चढवून सगळ्या प्रांतावर अधिकारी नेमतो. सगळ्या रीसवर नजर ठेवणाऱ्या मनोऱ्याला हे नाव शोभून दिसते.

चढण्यापूर्वी चर्चच्या आत अर्धा तास तरी घालवावा. तिन्ही दालने सारख्याच उंचीची असल्याने आत मधला सभामंडप आणि बाजूच्या ओवऱ्या असा भेद जाणवत नाही. सडपातळ खांब सरळ वर जातात आणि छतात फांद्यांसारखे पसरतात. नव्वद मीटरांहून लांब असलेल्या या दालनात उजेड सगळीकडे सारखा असतो, आणि तो दगडाच्या राखाडी रंगामुळे मऊ होतो. मुख्य वेदीवरची क्रूसावरील ख्रिस्ताची लाकडी मूर्ती आणि तिच्या भोवतीच्या मूर्ती १४६२ च्या सुमाराच्या असून त्या आता निक्लाउस गेरहार्ट यांच्या समजल्या जातात. त्यांच्या भोवतीची सजावट पुढच्या काळातली, भरघोस अलंकरणाच्या बरोक शैलीची आहे. याच वेदीसाठी फ्रीडरिख हेर्लिन यांनी रंगवलेले फलक आता गावातल्या नगर-संग्रहालयात आहेत, आणि वेळ असल्यास ते पाहूनच चर्चमध्ये यावे.

या मूर्ती अजून जागेवर आहेत, याचे मला फार मोल वाटते. १५२२ पासून थिओबाल्ड बिलिकान हे इथे नव्या मताचा प्रचार करू लागले. १५२९ मध्ये श्पायर इथल्या राजसभेत ज्या नगरांनी आणि राजांनी सम्राटाच्या धर्मविषयक निर्णयाविरुद्ध निषेध नोंदवला, त्यांत न्यॉर्डलिंगेन होते, आणि त्याच निषेधावरून ‘प्रोटेस्टंट’ हा शब्द पुढे रूढ झाला. त्या काळात पुष्कळ गावांत जुन्या मूर्ती फोडल्या गेल्या, वेद्या उखडल्या गेल्या. इथे नवा विचार आला, उपासनेची भाषा बदलली, प्रवचनाला महत्त्व आले, आणि तरीही आजोबांनी घडवून घेतलेला ख्रिस्त नातवंडांनी तसाच ठेवला. लुथरन परंपरेचा हा संयमी स्वभाव पुस्तकात वाचण्यापेक्षा त्या मूर्तीसमोरच्या बाकावर बसून अधिक कळतो.

चढण कशी आहे, हे आता स्पष्ट सांगतो, कारण अभिप्राय वाचणाऱ्याला ते आधी हवे असते. ३५० पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. सुरुवातीचा दगडी जिना अरुंद आणि गोल गोल फिरणारा आहे. समोरून कोणी उतरत असेल तर एकाने भिंतीला चिकटून उभे राहावे लागते. पायऱ्या शतकानुशतकांच्या पावलांनी मधोमध झिजल्या आहेत, म्हणून कडेच्या बाजूला पाऊल टाकावे. पुढे लाकडी जिने लागतात, ते रुंद आहेत आणि तिथे श्वास घ्यायला जागा मिळते. वाटेत अवजड वस्तू वर ओढण्यासाठी वापरले जाणारे एक प्रचंड लाकडी पायचाक दिसते, ज्याच्या आत माणसे चालत आणि चाक फिरे. तिथे थांबून लाकडाचे जोड पाहावेत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी, ज्यांना बंद जागेत घाबरल्यासारखे होते त्यांनी आणि कडेवर मूल घेतलेल्यांनी हा चढ टाळावा, असे मी स्पष्टपणे सुचवतो. तिकीट खाली नसून वर, पहारेकऱ्याच्या खोलीत काढायचे असते. म्हणून पाकीट खाली पिशवीत विसरू नये. आम्ही थांबत थांबत गेलो, आणि साठी ओलांडलेल्या माझ्या बहिणीला वर पोहोचायला वीस-बावीस मिनिटे लागली.

वर आल्यावर मोकळ्या सज्जातून पूर्ण प्रदक्षिणा घालता येते. वारा जोरात असतो, उन्हाळ्यातही अंगावर काहीतरी असू द्यावे. खाली लाल कौलांची उतरती छपरे एकमेकांना खेटून बसलेली, त्यांच्यामधून चर्चपासून वेशींकडे जाणारे रस्ते, आणि सगळ्याला वेढणारा, आजही सलग चालत जाता येतो असा छपराचा तट. वेशी पाच आहेत. तटाबाहेर नवी वस्ती, तिच्या पलीकडे सपाट शेते, आणि अगदी क्षितिजाशी, चहूबाजूंनी, झाडीने गर्द झालेल्या टेकड्यांची एक निळसर रांग. ती रांग म्हणजे विवराची कड. पहिल्या भेटीत मी ती पाहिली होती, पण ओळखली नव्हती. दुसऱ्या भेटीत बहिणीला बोटाने दाखवत दाखवत मी पूर्ण फेरी मारली, आणि ती कड कुठेच तुटली नाही. बहीण काही वेळ गप्प उभी राहिली आणि मग म्हणाली, “म्हणजे आपण कढईच्या तळाशी उभे आहोत.” याहून नेमके वर्णन मला आजवर सुचलेले नाही. स्वच्छ दिवशी इथून ९९ गावे दिसतात असे म्हणतात. आम्ही मोजली नाहीत.

दक्षिणेकडच्या टेकड्यांमध्ये आल्बुख नावाची एक टेकडी आहे. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट सत्तांमध्ये पेटलेल्या तीस वर्षांच्या युद्धात, ६ सप्टेंबर १६३४ रोजी, सम्राटाच्या आणि स्पेनच्या संयुक्त सैन्याने तिथे स्वीडिश आणि जर्मन प्रोटेस्टंट फौजेचा दारुण पराभव केला. वेढ्यात अडकलेल्या न्यॉर्डलिंगेनला सोडवण्यासाठीच ती फौज आली होती. गाव शरण गेले, आणि पुढच्याच वर्षी फ्रान्स उघडपणे युद्धात उतरले. त्या सज्जात उभे राहिल्यावर युरोपच्या इतिहासातली ही घटना नकाशावरची राहत नाही. टेकडी समोर असते, आणि तिच्यापर्यंतचे अंतर किती थोडे आहे हे पाहून पोटात कालवते.

मी ज्या सेवेचा उल्लेख सुरुवातीला केला ती आता सांगतो. या मनोऱ्यावर आजही पहारेकरी असतो. रात्री दहापासून बारापर्यंत दर अर्ध्या तासाने तो वरून चारी बाजूंना हाक देतो, “सो, ग्झेल, सो!” याचा अर्थ साधारणपणे “ठीक आहे, गड्या, ठीक!” असा होतो. हाकेमागची दंतकथा १४४० सालची आहे. शेजारच्या ओटिंगेनच्या सरदाराने वेशीचे पहारेकरी फितवले होते आणि रात्री ल्योप्सिंग वेशीचे दार न अडसरता नुसते लोटून ठेवायचे ठरले होते. रात्री बाहेर पडलेल्या एका विणकराच्या बायकोने पाहिले की एक डुकरीण त्या दाराला अंग घासते आहे आणि दार हलते आहे. तिने आरडाओरडा केला, गाव जागे झाले, वेस बंद झाली आणि गाव वाचले. तिच्या तोंडचे शब्द म्हणून ही हाक आजतागायत दिली जाते. रायगडावर संध्याकाळी दरवाजे बंद झाले म्हणून कडा उतरून बाळाकडे गेलेली हिरकणी आपल्याला ठाऊक आहे. तिथे वेशीचे दार नेमाने बंद झाल्यामुळे कथा घडली, इथे ते बंद न झाल्यामुळे. दोन्हीकडे गडाचे किंवा गावाचे खरे मर्म रात्रीच्या वेळी एका सामान्य बाईलाच कळले.

आम्ही पावणेदहाला चर्चच्या बाजूच्या चौकात जाऊन उभे राहिलो. दुकाने केव्हाच बंद झाली होती. सायकलवरून घरी जाणारी एक मुलगी, कुत्र्याला फिरवणारे एक आजोबा आणि आम्ही दोघे, एवढेच तिथे होतो. दहाचे ठोके पडले, आणि ठोक्यांचा नाद विरत असतानाच वरून लांबवलेला, किंचित गाण्यासारखा स्वर आला. आधी आमच्या बाजूने, मग जरा दूर, मग मनोऱ्याच्या पलीकडून अस्पष्ट, आणि पुन्हा जवळून. पहारेकरी सज्जातून फिरत हाक देत होता हे त्या आवाजाच्या सरकण्यावरून कळत होते. आजोबा थांबले नाहीत, त्यांनी वरही पाहिले नाही. घरातल्या घड्याळाचे ठोके ऐकावेत तशी ती हाक त्यांनी ऐकली. आमच्या गावाकडे पूर्वी गस्त घालणारा कोतवाल काठी आपटत जाई, त्याचा आवाज मी आजोळी शेवटचा ऐकला त्याला पन्नास वर्षे होत आली. तो आवाज मला न्यॉर्डलिंगेनमध्ये आठवेल असे वाटले नव्हते. आम्ही साडेदहाची आणि अकराची हाकही ऐकली, आणि बहीण थकली म्हणून मुक्कामावर परतलो. साडेअकराची हाक अंथरुणातून, उघड्या खिडकीतून ऐकू आली.

पुष्कळ ऐतिहासिक गावांत अशा प्रथा पर्यटकांसाठी वेषभूषा करून सादर केल्या जातात, आणि त्यांतही आनंद असतो. इथे मात्र पहारेकरी अंधारात असतो, दिसत नाही, टाळ्या घेत नाही. मनोऱ्याच्या खोलीत बसून दिवसा तिकिटे फाडायची, रात्री हाक द्यायची, अशी ही साधी नेमणूक आहे. ज्या कामासाठी मनोऱ्याला एवढी उंची दिली, त्यातले थोडे तरी काम आजही चालू आहे, आणि माझ्या दृष्टीने इथला सर्वांत मोठा ठेवा तोच आहे.

दगडाविषयी एक काळजीची गोष्टही नोंदवायला हवी. सुवाइट घडवायला सोपा, तसाच झिजायलाही सोपा आहे. त्यातल्या छिद्रांत आणि चिकणमातीसारख्या घटकांत पाणी मुरते, दगड फुगतो-आकसतो, हिवाळ्यात आतले पाणी गोठते आणि पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. बाहेरच्या बाजूने फिरताना खालच्या थरांत नव्याने बसवलेले दगड वेगळ्या रंगामुळे ओळखू येतात. अशा वास्तूची डागडुजी कधी संपत नाही. म्हणून कधी एखादा भाग परांची आणि जाळीने झाकलेला आढळला तर निराश होऊ नये. छायाचित्र बिघडते हे खरे, पण ती परांची नसती तर पुढच्या पिढीला छायाचित्र काढायला काही उरले नसते. हात लावताना मात्र अलगद लावावा, नखाने काच उकरून पाहण्याचा मोह टाळावा.

मनोऱ्यानंतर रीस विवर संग्रहालय पाहावे. ते १५०३ मध्ये बांधलेल्या एका कोठारात १९९० पासून आहे, आणि तिथे अपोलो १६ मोहिमेने आणलेला चंद्रावरचा दगड पाहायला मिळतो. चंद्राचा तुकडा इथे असण्याला कारण आहे. ऑगस्ट १९७० मध्ये अ‍ॅलन शेपर्ड, एडगर मिचेल, युजीन सर्नन आणि जो एंगल हे अंतराळवीर आघाताने बनलेले खडक ओळखायला शिकण्यासाठी याच रीसमध्ये येऊन राहिले होते. त्यांपैकी शेपर्ड आणि मिचेल पुढच्या वर्षी अपोलो १४ मधून चंद्रावर उतरले. संग्रहालयातला सुवाइटचा कापून गुळगुळीत केलेला नमुना आणि चर्चची भिंत एकाच दिवशी पाहिली की दोन्ही नीट समजतात. क्रम मात्र आधी भिंत, मग संग्रहालय, आणि मग पुन्हा भिंत असा ठेवावा. २०२२ मध्ये रीसला युनेस्कोच्या जागतिक भू-उद्यानांच्या यादीत स्थान मिळाले आहे.

भारतातून जाणाऱ्यांनी म्युनिक किंवा ऑग्सबर्गहून डोनाउव्योर्थमार्गे रेल्वेने यावे. स्थानकापासून चर्चपर्यंत पायी सहज जाता येते. मनोऱ्याच्या वेळा निघण्यापूर्वी पाहून घ्याव्यात. चढायला सकाळची वेळ चांगली, कारण तेव्हा जिन्यात गर्दी कमी असते आणि पश्चिमेकडची कड उन्हात स्पष्ट दिसते. दुपारी तटावरून पूर्ण फेरी मारावी आणि ल्योप्सिंग वेशीपाशी थांबून ते दार पाहावे. मुक्काम तटाच्या आत, चर्चच्या जितका जवळ मिळेल तितका जवळ घ्यावा, रस्त्याकडे उघडणारी खिडकी मागून घ्यावी, आणि रात्री ती लावू नये.